कॅमेऱ्याची खरी परीक्षा वैशाखात

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या वणीत फोटोग्राफरच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. धंद्यात नव्यानं उतरलेला एखादा तरुण येतो, खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, ‘‘भाऊ, यंदा फुल फ्रेम मिररलेस घेतो म्हणतो. सोनी घेऊ, कॅनन घेऊ का निकॉन?’’ मी रोलच्या काळापासून या धंद्यात आहे. त्यामुळे हा प्रश्न किती गंभीर आहे, हे मला ठाऊक आहे. नुसत्या बॉडीलाच दीड ते अडीच लाख रुपये पडतात. लेन्स, कार्डं, बॅटऱ्या, माइक धरले तर आकडा दुपटीवर जातो. कोणी कापसाचे पैसे घालतो, कोणी घरातलं सोनं गहाण ठेवतो, कोणी बँकेचं कर्ज काढतो. आणि ज्या कामासाठी हे सगळं करायचं, ते काम असं की त्याला दुसरी संधी नाही. लग्न एकदाच लागतं. अंतरपाट पुन्हा धरता येत नाही.

म्हणून आज आपण या कॅमेऱ्यांची तुलना करू, पण ती माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून नाही. माहितीपत्रकात सगळेच कॅमेरे चांगले असतात. आपल्या कामातला सगळ्यांत कठीण दिवस घ्यायचा आणि त्या दिवशी कोणता कॅमेरा कुठे उभा राहतो ते पाहायचं. आमच्याकडे तो दिवस म्हणजे वैशाखातलं लग्न. सकाळी हळद, भर दुपारचा मुहूर्त आणि रात्री दिव्यांच्या लखलखाटात स्वागत समारंभ.

आधी दोन शब्दांचा अर्थ पाहू. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट. हे माप नवं नाही. आपण ज्याला रोल म्हणायचो, त्यावरची एक चौकट एवढीच असायची. १९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला आणि पुढे हे माप जगभर रूढ झालं. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. कमी किमतीच्या कॅमेऱ्यांत हा सेन्सर लहान असतो. त्या मापाला एपीएस-सी म्हणतात. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ त्याच्या सव्वादोन पटींहून अधिक भरतं. शेततळं जितकं मोठं तितकं पावसाचं पाणी जास्त साठतं. सेन्सरचं आणि प्रकाशाचं नातं तसंच आहे.

दुसरा शब्द मिररलेस. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरपा आरसा असायचा. तो प्रकाश वर वळवून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवायचा आणि बटण दाबलं की खटकन वर उचलला जायचा. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. सेन्सर थेट दृश्य बघतो आणि व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या पडद्यावर आपल्याला दाखवतो. सोनीनं ए७ हा फुल फ्रेम मिररलेस २०१३ च्या ऑक्टोबरात जाहीर केला. निकॉन आणि कॅनन त्या वाटेवर २०१८ मध्ये आले. आरसा गेल्यानं कॅमेरा हलका झाला, फोटो कसा येणार ते आधीच दिसू लागलं आणि डोळ्यावर आपोआप फोकस ठेवणं शक्य झालं. मात्र सेन्सर आता सतत जागा असतो. म्हणजे तो सतत वीज खातो आणि सतत तापतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

एकाच माणसानं फोटोही काढायचे आणि चलचित्रणही करायचं, ही आजच्या मोबाइलच्या युगातली मागणी आहे असं आपल्याला वाटतं. पण महाराष्ट्रात तिची सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, ते मुळात छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडहून चलचित्रणाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचा सामना टिपला. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परतले, त्या स्वागताचंही त्यांनी चित्रीकरण केलं. दादासाहेब फाळके हेही आधी छायाचित्रकारच होते. तेव्हा फोटोचं यंत्र वेगळं, चलचित्राचं वेगळं. दोन्ही कामं एकाच यंत्रात खऱ्या अर्थानं आली ती २००८ मध्ये. कॅननच्या ५डी मार्क टू या फुल फ्रेम कॅमेऱ्यात पूर्ण एचडी चित्रीकरण होऊ लागलं आणि लग्नाच्या व्हिडिओचं रूपच बदललं.

आज या दोन्ही कामांसाठी मधल्या किमतीत चार नावं प्रामुख्यानं घेतली जातात. सोनीचा ए७ फोर २०२१ चा, कॅननचा आर६ मार्क टू २०२२ चा, पॅनासॉनिकचा एस५ टू २०२३ चा आणि निकॉनचा झेड६ थ्री २०२४ चा. २०२५ च्या अखेरीस कॅननचा आर६ मार्क थ्री आणि सोनीचा ए७ फाइव्ह हे नवे आले. त्यामुळे आधीची मॉडेलं वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात बऱ्या भावात मिळू शकतात. आपण या चौघांनाच लग्नाला नेऊ.

सकाळी हळद. पिवळ्याधमक हळदीवर ऊन पडलं की कॅमेऱ्याची त्रेधा उडते. पिवळ्या रंगातले बारीक फरक पुसले जातात आणि गालावर नुसता पिवळा डाग दिसतो. जुन्या कॅमेऱ्यांचा व्हिडिओ बहुधा ८ बिटचा असायचा, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा. १० बिटमध्ये त्या १०२४ होतात. हे चारही कॅमेरे १० बिटमध्ये चित्रीकरण करतात, म्हणून इथे चौघांत कोणी मागे नाही. त्यांच्यात लॉग नावाची सोयही आहे. तिच्यात चित्र मुद्दाम फिकं नोंदवतात आणि रंग नंतर संगणकावर भरतात. मात्र त्याला वेळ आणि नजर दोन्ही लागतं. ज्याला आठवड्यात चार लग्नं उरकायची आहेत त्यानं लॉगच्या नादी न लागता एक्सपोजर जरा कमी ठेवावं. नवरीच्या अंगावरची हळद हळदच दिसेल.

आता दुपार. इथे खरी परीक्षा आहे. सोनी, कॅनन, निकॉन, पॅनासॉनिक, कोणाचंही माहितीपुस्तक उघडा आणि शेवटच्या पानांवर ‘वापरासाठी योग्य तापमान’ शोधा. या चारही कॅमेऱ्यांची वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस छापलेली आहे. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो. म्हणजे आपण भर हंगामात कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेच्या बाहेर काम करतो. फोटोंना त्याचा त्रास कमी, कारण बटण दाबलं तेवढंच जोराचं काम. व्हिडिओला मात्र सेन्सरवरची माहिती सेकंदाला २५ किंवा ५० वेळा वाचली जाते, प्रोसेसर ती दाबून कार्डावर लिहितो आणि ही सगळी उष्णता धूळ-पाण्यापासून जपण्यासाठी घट्ट बंद केलेल्या खोक्यात कोंडते. ठरावीक पातळी ओलांडली की कॅमेरा स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. २०२० मध्ये कॅननचा आर५ आला, तेव्हा २३ अंश तापमानातही ८के चित्रीकरण सुमारे वीस मिनिटंच चालेल, असं कंपनीनंच सांगितलं होतं. त्यावर जगभर चर्चा झाली. २३ अंश म्हणजे आपल्याकडचा हिवाळा!

या बाबतीत पॅनासॉनिकचा एस५ टू वेगळा आहे. त्याच्या डोक्यावरच्या उंचवट्यात, व्ह्यूफाइंडरच्या ठिकाणी, छोटा पंखा बसवला आहे. सलग चित्रीकरणासाठी त्याची ख्याती त्यामुळेच आहे. पण पंखा म्हणजे शीतकपाट नव्हे. बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर आत येणारी हवाही तेवढीच. बाकी तिघांना पंखा नाही, तरी २५ चौकटींवर ४के घेतलं तर ते ५० चौकटींपेक्षा बराच वेळ टिकतात. संथ गतीच्या दृश्यांपुरत्या ५० चौकटी ठेवा, पूर्ण मंगलाष्टकं त्यात घेऊ नका. सोनी आणि कॅननमध्ये कॅमेरा किती तापल्यावर बंद व्हावा याचं सेटिंग असतं; ते वरच्या पातळीवर ठेवता येतं. मागचा पडदा बॉडीपासून उघडून धरा, कॅमेऱ्यावर छत्रीची सावली ठेवा, दोन विधींच्या मध्ये तो बंद करा. कूलरच्या तोंडाशी मात्र नेऊ नका, ती हवा ओली असते. बर्फाच्या डब्यात ठेवण्याची युक्ती तर घातकच. बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं.

मुहूर्त जवळ आला की फोकसची कसोटी लागते. अंतरपाट धरलेला असतो, कॅमेरा कापडावर फोकस करतो. ‘सावधान’ होतं, कापड खाली येतं आणि त्याच क्षणी फोकस कापडावरून नवरीच्या चेहऱ्यावर जायला हवा. लगेच अक्षतांचा मारा सुरू होतो. आता मात्र फोकसनं चेहरा सोडून हवेतल्या तांदळामागे धावता कामा नये. त्यात नवरदेवाच्या मुंडावळ्यांची झालर डोळ्यांवर लोंबत असते. डोळे ओळखून त्यांच्यामागे राहण्यात सोनी आणि कॅनन अनेक वर्षं पुढे होते. निकॉननं झेड६ थ्रीमध्ये ती दरी बरीच भरून काढली. पॅनासॉनिकच्या फोकसला पूर्वी नावं ठेवली जात. एस५ टूमध्ये कंपनीनं पहिल्यांदा फेज डिटेक्शन नावाची वेगवान पद्धत आणली आणि ती तक्रार पुष्कळ कमी झाली. पण कोणताही कॅमेरा असो, फोकस किती चटकन बदलावा आणि किती चिकटून राहावा, ही दोन सेटिंगं आधी घरी बसून समजून घ्या. अंतरपाटासाठी एक, अक्षतांसाठी दुसरं. दोन्ही वेगवेगळ्या बटणांवर ठेवता येतात.

रात्रीचा समारंभ हा फुल फ्रेमचा हक्काचा वेळ. प्रकाश कमी असला तरी मोठ्या सेन्सरवर दाणेदारपणा कमी दिसतो. पण इथेच एक वेगळा शत्रू उभा असतो, एलईडी दिवे आणि स्टेजमागचा एलईडी पडदा. हे दिवे आपल्या डोळ्याला स्थिर वाटतात, प्रत्यक्षात पुष्कळसे वेगानं लुकलुकत असतात. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. ते सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतं. एका ओळीच्या वेळी दिवा लागलेला, दुसरीच्या वेळी विझलेला. मग फोटोवर आडवे पट्टे उमटतात. ज्याचा सेन्सर वाचायला हळू, त्याला हा त्रास जास्त. या चौघांत सोनी ए७ फोर हळू वाचतो, निकॉन झेड६ थ्री चपळ आहे. उपाय सोपा आहे. रात्री फोटोंसाठी यांत्रिक शटर वापरा. व्हिडिओसाठी शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० आवर्तनांची आहे.

याच कारणानं ‘व्हिडिओतूनच फोटो काढून घेऊ’ हा हिशेब फसतो. व्हिडिओ एक पन्नासांश सेकंदावर गुळगुळीत दिसतो, पण त्यातली एक चौकट थांबवून पाहिली तर हलणारा हात पुसट असतो. शिवाय ४केची एक चौकट जेमतेम ८ मेगापिक्सेलची. अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं एक पूर्ण पान चांगलं छापायला साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. कॅनन, निकॉन आणि पॅनासॉनिक यांचे सेन्सर २४ मेगापिक्सेलचे आहेत, म्हणजे एवढ्याला पुरेसे. सोनीचा ३३ चा. गर्दीतून एखादा चेहरा कापून मोठा करायचा असेल तर त्याचा फायदा होतो. मात्र दर फोटोमागे फाइलही मोठी होते. आणखी एक फरक आहे. ४के ५० चौकटींवर नेलं की सोनी ए७ फोर आणि पॅनासॉनिक एस५ टू सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. लहान मांडवात मागे सरकायला जागा नसेल तर हे जाचतं. कॅनन आणि निकॉन सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतात.

आता ज्यांच्याकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही त्या गोष्टी. पहिली, कार्डं. लग्नाचे फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर नोंदवावेत, म्हणजे एक खराब झालं तरी दुसऱ्यावर राहतात. चारही कॅमेऱ्यांत दोन खाचा आहेत. कॅनन आणि पॅनासॉनिकला दोन्ही साधी एसडी कार्डं चालतात, सोनीलाही चालतात. निकॉन झेड६ थ्रीची एक खाच महागड्या सीएफएक्स्प्रेस प्रकारची आहे. तो खर्च धरून हिशेब करा. दुसरी गोष्ट साठवण. सेकंदाला १०० मेगाबिट वेगानं केलेलं चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा खातं. चार तासांचे १८० जीबी झाले, आणि त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायलाच हवी. १० बिटच्या फाइली जुन्या संगणकावर उघडल्या की तो गुदमरतो. कॅमेऱ्याबरोबर संगणकही बदलावा लागेल का, हे आधी तपासा. तिसरी गोष्ट वीज. दिवसभराच्या कामाला मी तीन-चार बॅटऱ्या बाळगतो. हे सगळे कॅमेरे यूएसबी-सीनं चार्ज होतात, त्यामुळे भारनियमनाच्या दिवशी पॉवर बँक कामी येते.

चौथी गोष्ट आमच्या भागाची खास, धूळ. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी, राजूरकडे चुनाभट्ट्या, हंगामात जिनिंगमधून उडणारी कापसाची तूस. आरसा नसल्यानं लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. काही कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटर पडून सेन्सर झाकला जातो. कॅनन आर६ मार्क टू आणि सोनी ए७ फोरमध्ये ही सोय आहे. सोनीत ती सेटिंगमधून चालू करावी लागते. तरीही मांडवात लेन्स बदलू नये. रस्त्यानं कोळशाचे ट्रक जात असताना तर नाहीच.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, लेन्स. एफ ४ च्या लेन्सपेक्षा एफ २.८ ची लेन्स दुप्पट प्रकाश आत घेते. म्हणजे महागडी बॉडी घेऊन तिच्यावर हलकी लेन्स लावली तर मोठ्या सेन्सरचा निम्मा फायदा तिथेच वाया जातो. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स त्याहून पुष्कळ टिकते. म्हणून कॅमेरा घेताना खरं तर आपण माउंट निवडतो, म्हणजे लेन्स बसवण्याची खाच. एकदा त्या घरात शिरलं की बाहेर पडणं महाग असतं. सोनीनं आपल्या ई-माउंटची माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना खुली केली. त्यामुळे टॅमरॉन, सिग्मा यांच्या कमी किमतीच्या चांगल्या लेन्स तिथे मुबलक आहेत. पॅनासॉनिकचं एल-माउंट लायका आणि सिग्मा यांच्यासोबत आहे, तिथेही निवडीला वाव आहे. निकॉनच्या झेड-माउंटसाठी टॅमरॉनच्या काही फुल फ्रेम लेन्स मिळतात. कॅननचं आरएफ-माउंट सर्वांत बंदिस्त. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या लेन्स तिथे आल्या, पण त्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी. मात्र ज्याच्याकडे जुन्या कॅनन ईएफ लेन्स आहेत त्यानं घाबरू नये. अॅडॉप्टर लावला की त्या नव्या बॉडीवर उत्तम चालतात.

मग घ्यायचा कोणता? मी असं सांगतो. मुख्य काम फोटोंचं, पाठीशी जुन्या कॅनन लेन्स आणि थोडा व्हिडिओ, असा धंदा असेल तर कॅनन. पाटी कोरी असेल आणि पुढे कमी पैशांत लेन्स वाढवायच्या असतील तर सोनी. रात्रीचे कार्यक्रम, नाच, वेगवान हालचाल हे काम जास्त असेल तर निकॉन. तासन्‌तास सलग चित्रीकरण, कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, पूर्ण विधी, असं काम असेल तर पॅनासॉनिक. आणि ज्याचे फोटो मोबाइलवरच पाहिले जाणार आहेत, ज्याला वर्षाला आठ-दहा कामं मिळतात, त्यानं कर्ज काढू नये. लहान सेन्सरचा कॅमेरा, एक चांगली एफ २.८ लेन्स आणि एक माइक एवढ्यावर सुंदर काम होतं. मंगलाष्टकांचा आवाज फाटलेला असेल तर फुल फ्रेमचं चित्र कोणी पाहत नाही.

घेण्याआधी कॅमेरा एका दिवसासाठी भाड्यानं आणा, तोही उन्हाळ्यात. दुपारी दोन वाजता अंगणात सावलीत तिकाटण्यावर लावा आणि ४केमध्ये सलग तासभर चालू ठेवा. घरच्या दोघांना चादर धरायला सांगा, मागे कोणाला उभं करा, चादर खाली सोडा आणि फोकस किती वेळात चेहऱ्यावर येतो ते मोजा. रात्री एलईडी दिव्याखाली वीस फोटो काढा. त्याच रात्री सगळ्या फाइली आपल्या संगणकावर उघडून पाहा. जवळचं सेवाकेंद्र कुठे आहे ते दुकानदाराला विचारा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा कॅमेरा घेऊ नका, कारण बिघडला की त्याला वाली नसतो. एका दिवसाचं भाडं हजार-दोन हजार गेलं तर जाऊ द्या. त्या दिवशी जो कॅमेरा बंद पडला नाही, तो आपला.